चार भिंतींच्या आंतील ठावठिकाणा

आपण कोठें आहों, हा प्रश्न मनुष्यास फार जुना आहे. आणि त्याचें उत्तर मिळविण्याचे जे जे मार्ग त्यानें शोधून काढले, त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणासहि आपलें ठिकाण स्वतःकडे पाहून कळत नाहीं. तें दुसऱ्या कशाकडे तरी पाहूनच कळतें. खलाशी ताऱ्यांकडे पाही, वाटसरू डोंगराच्या सोंडेकडे पाही, आणि परगांवचा पाहुणा देवळाच्या कळसाकडे पाही. ज्यास ओळखीची खूण दिसली त्यास वाट सांपडली. ज्यास ती दिसली नाहीं तो भर दिवसा चुकला. या साध्या सत्याचा माग घेत घेत चाललें असतां मनुष्याची विद्या आज अशा टप्प्यावर आली आहे कीं, बंद इमारतींत उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातांतील मोबाईल समोरच्या भिंतीचें चित्र घेऊन त्यास त्याची जागा सांगूं शकतो. ही करामत कोठून आली व ती आपणांपुढें कोणता प्रश्न उभा करते, याचा थोडा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

प्रथम, अशा करामतीची गरजच कां पडली तें पाहूं. गेल्या अर्धशतकांत मनुष्यानें आकाशांत स्वतःच्याच खुणा टांगल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा या कामाचा पहिला उपग्रह १९७८ सालीं वर गेला. १९९५ सालीं ती माळ पुरी झाल्याचें जाहीर झालें. आणि सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संदेशांत जी अशुद्धि मुद्दाम मिसळून ठेवलेली होती, ती २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं काढून टाकण्यांत आली. तेव्हांपासून उघड्या माळावर उभ्या असलेल्या कोणासहि आपलें ठिकाण थोडक्या मीटरांच्या फरकानें कळूं लागलें. आणि पुढें तें यंत्र मोबाईलच्या पोटांत शिरल्यावर रस्ता विचारण्याची चालच मागें पडली. परंतु हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात. इतक्या दुरून आलेला त्यांचा संदेश जमिनीवर पोंचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. सिमेंटचें छत, लोखंडी तुळया आणि एकावर एक रचलेले मजले यांतून तो बहुधा आंत शिरत नाहीं. शिरलाच तर भिंतींवर आपटून वांकड्या वाटेनें येतो व खोटें अंतर सांगतो. यामुळें मोठी विचित्र स्थिति झाली आहे. वाळवंटाच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या मनुष्यास आपला ठाव ठाऊक असतो, आणि मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर औषधाची खिडकी शोधणाऱ्यास तो नसतो.

या अडचणीवर जो उपाय निघाला तो दिसावयास नवा आहे. परंतु त्याचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस चारशें वर्षें मागें, हॉलंडांतील लायडन या गांवीं जावें लागतें. तेथील गणिती विलेब्रोर्ड स्नेल यानें पृथ्वीचा आकार मोजण्याच्या हेतूनें आल्कमारपासून बेर्गेन-ऑप-झूमपर्यंत त्रिकोणांची एक साखळी टाकली, व तिचा वृत्तांत १६१७ सालीं प्रसिद्ध केला. सपाट प्रदेशांत दुरून दिसणारे चर्चचे मनोरे हेच त्याचे ठराविक बिंदु होते. आपलें स्वतःचें घर या साखळीस जोडण्यासाठीं त्यानें तेथून लायडनमधील तीन मनोरे पाहिले, त्यांच्यामधील दोन कोन मोजले, आणि केवळ तेवढ्यावरून घराचें स्थान गणितानें काढलें. यांतील युक्ति सहज समजण्यासारखी आहे. दोन खुणांमधील कोन एकाच मापाचा जेथून जेथून दिसतो, ते बिंदु एका वर्तुळाच्या कंसावर येतात, हें युक्लिडाच्या भूमितींतच सांगितलेलें आहे. पहिल्या दोन मनोऱ्यांवरून एक वर्तुळ मिळतें, दुसऱ्या दोहोंवरून दुसरें मिळतें. आणि जेथें तीं एकमेकांस छेदतात तेथें पाहणारा उभा असला पाहिजे. मात्र तिन्ही मनोऱ्यांमधून जाणाऱ्या वर्तुळावरच जर तो उभा असेल, तर दोन्ही वर्तुळें एकच होऊन बसतात व कांहींच उत्तर मिळत नाहीं. फ्रान्समध्यें पोथेनो नांवाच्या गणित्यानें १६९२ सालीं हाच प्रश्न पुन्हां मांडला. आणि दैवयोग असा कीं, पुष्कळ काळ तो स्नेलच्या नव्हे तर पोथेनोच्या नांवानें ओळखला गेला.

ही विद्या आपल्या देशास अपरिचित नव्हती. १८०२ सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या प्रचंड सर्वेक्षणास आरंभ केला, त्याचे त्रिकोण पुढें हिमालयापर्यंत गेले. त्या त्रिकोणांच्या आधारावर तपशिलाचे नकाशे करणारा सर्वेक्षक तिपाईवर प्लेन टेबलाचा पाट बसवी, कागदावर आधींच मांडलेल्या तीन दूरच्या खुणांकडे पट्टी रोखी, रेषा उलट ओढी, आणि त्या जेथें मिळत तेथें टोंचणी लावून 'मी येथें आहें' असें म्हणे. लायडनच्या घरावरील गणित त्याच्या हातीं येऊन रोजची कसब झाली होती. या कसबांतील एक अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तिच्याभोंवतींच फिरणार आहे. ज्या खुणांकडे पाहून मी आपलें ठिकाण काढतों, त्यांचें ठिकाण माझ्या आधीं कोणी तरी मोजून, लिहून ठेवलेलें असावें लागतें. कोरा कागद घेऊन बसलेल्यास तीनशें शिखरें दिसलीं तरी त्यांचा उपयोग नाहीं.

यानंतरचा टप्पा छायाचित्राचा. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगासमोर आली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८४१ सालीं, ग्रुनर्ट या जर्मन गणित्यानें 'पोथेनोचा प्रश्न विस्तृत स्वरूपांत' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. स्नेलचा प्रश्न सपाट कागदावरचा होता. ग्रुनर्टनें तो उंची, लांबी व रुंदी या तिन्हींच्या अवकाशांत नेला. तीन ज्ञात बिंदु एखाद्या स्थानावरून कोणकोणत्या कोनांत दिसतात एवढें ठाऊक असेल, तर तें स्थान काढतां येतें. मात्र उत्तरें कधीं कधीं चारपर्यंत येतात, आणि त्यांतील खरें कोणतें हें ठरविण्यास चौथी खूण लागते. आतां छायाचित्र म्हणजे तरी काय? एका बिंदूंत शिरलेल्या किरणांची, त्यांच्यामधील कोनांसकट, कागदावर उमटलेली नोंदच होय. म्हणून कोणतेंहि छायाचित्र, तें काढणारा कोठें उभा होता याचा जबाब आपल्या अंगावर वागवीत असतें. तो जबाब वाचणारा मात्र पाहिजे.

तो वाचण्याची निकड एका अपघातानें सिद्ध केली. १८५८ सालीं आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या तरुण प्रशियन इमारततज्ज्ञाकडे वेट्झ्लार येथील जुन्या चर्चचीं मापें घेण्याचें काम आलें. उंच सज्जावर फिरत असतां तो खालीं पडतां पडतां वांचला. तेव्हां त्याच्या मनांत विचार आला कीं, दगडास हात लावून घ्यावयाचीं हीं मापें दगडाच्या चित्रावरून कां घेऊं नयेत? फ्रान्समध्यें लोसदा हा लष्करी अधिकारी जमिनीच्या मोजणीसाठीं याच दिशेनें प्रयत्न करीत होता. मायडेनबाउअरनें हा नाद पुढें सोडला नाहीं. १८८५ सालीं बर्लिन येथें त्याच्या प्रेरणेनें एक सरकारी संस्था निघाली, व तिनें जुन्या वास्तूंचीं हजारों मापनयोग्य छायाचित्रें कांचेच्या तबकड्यांवर साठविलीं. पुढें महायुद्धांत पडझड झालेल्या इमारती पुन्हां उभारतांना या तबकड्यांचा आधार मिळाला. इमारतीची प्रतिमा ही इमारतीच्या मागें उरूं शकते, आणि जिच्या जवळ ती प्रतिमा आहे तिला ती इमारत पुन्हां उभी करतां येते, हा धडा त्या तबकड्यांनीं दिला. त्याची दुसरी बाजू आपण पुढें पाहूं.

आतां आम्ही शंभर वर्षें ओलांडून संगणकाच्या काळांत येतों. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या फिश्लर व बोल्स या दोघांनीं एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न ग्रुनर्टचाच होता: चित्रांत कांहीं ज्ञात खुणा दिसत आहेत, तर चित्र कोठून घेतलें? परंतु त्यांच्यापुढें एक नवी अडचण होती. माणूस खुणा ओळखतो तेव्हां तो सहसा पर्वतास देऊळ समजत नाहीं. यंत्र मात्र तसें सर्रास समजतें. यंत्रानें जुळविलेल्या शंभर खुणांपैकीं निम्म्या साफ खोट्या असूं शकतात, आणि सर्वांची सरासरी काढूं गेल्यास खोट्या खुणा खऱ्यांनाहि बुडवितात. यावर त्यांनीं योजलेला उपाय एखाद्या चतुर न्यायाधीशास शोभण्यासारखा आहे. शंभर साक्षीदारांपैकीं कोणते तीन चार निवडावे, तेवढ्यांच्या सांगण्यावरून घटना कशी घडली असेल तें ठरवावें, आणि मग उरलेल्यांपैकीं किती जणांची साक्ष त्या हकीकतीशीं जुळते तें मोजावें. जुळणी थोडी निघाली तर दुसरे तीन चार निवडावे. खरें बोलणारे सर्व एकच गोष्ट सांगतात, खोटें बोलणारे प्रत्येकजण निराळी सांगतात. म्हणून पुष्कळ वेळां निवड करीत गेल्यास ज्या हकीकतीमागें सर्वांत मोठा मेळ उभा राहतो ती खरी. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ही रीति या विद्येचा कणा होऊन राहिली आहे.

इमारतीच्या आंत मनुष्य शोधण्याचा दुसराहि एक मार्ग याच सुमारास निघाला होता, आणि त्याचा उल्लेख केल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथील ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९८९ पासून पुढील तीन वर्षांत एक बिल्ला तयार झाला. तो छातीवर लावून हिंडणाऱ्याचा क्रमांक दर पंधरा सेकंदांनीं डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशांत झळके. खोल्याखोल्यांत बसविलेलीं यंत्रें तो टिपीत, आणि कोण कोणत्या खोलींत आहे हें मध्यवर्ती संगणकास कळे. टेलिफोन आला तर तो त्या त्या मनुष्याच्या खोलींत पोंचवितां यावा, असा त्याचा सोज्वळ हेतु होता. परंतु या रचनेंत ज्ञानाचा ओघ कोणत्या दिशेस वाहतो तें पाहावें. येथें मनुष्यास आपलें ठिकाण कळत नाहीं. इमारतीस मनुष्याचें ठिकाण कळतें. प्लेन टेबल घेतलेला सर्वेक्षक शिखरांकडे पाहतो. येथें शिखरेंच त्याजकडे पाहूं लागलीं! कॅमेऱ्याच्या मार्गाचें मोठें आकर्षण हें कीं, त्यांत पाहणारा पुन्हां पाहणाराच होतो. भिंतीस डोळे बसवावे लागत नाहींत. डोळा ज्याचा त्याच्या हातांत राहतो. हें आकर्षण कितपत खरें ठरलें, हाच पुढील प्रश्न आहे.

कॅमेऱ्याच्या मार्गावरील मुख्य खोळंबा खुणा ओळखण्याचा होता. कॅनडांत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील डेव्हिड लो यानें १९९९ सालीं तो पुष्कळसा दूर केला. चित्रांतील कोपरे, ठिपके, अक्षरांच्या कडा अशा ठसठशीत जागा शोधून, प्रत्येकीच्या आसपासच्या छायाप्रकाशाचें वर्णन त्यानें आंकड्यांत केलें. आणि हें वर्णन असें बेतलें कीं, कॅमेरा जवळ नेला, दूर नेला किंवा तिरपा धरला तरी तें फारसें बदलूं नये. २००३ सालीं ऑक्सफर्ड येथें सिविक व झिसरमन यांनीं या वर्णनांस शब्दांसारखें वागविलें. जाड ग्रंथाच्या शेवटीं सूची असते, व शब्द पाहतांच तो कोणकोणत्या पानांवर आला आहे तें समजतें. त्याचप्रमाणें चित्रांतील 'शब्दां'ची सूची करावी, म्हणजे लक्षावधि चित्रांतून आपल्या चित्रासारखीं दहापांच क्षणांत हातीं लागतात. मग २००६ सालीं अमेरिकेंत स्नेव्हली, साइट्झ व झेलिस्की या तिघांनीं प्रवाशांनीं आपापल्या हौसेनें काढून इंटरनेटवर टाकलेलीं छायाचित्रें गोळा करून, पॅरिसच्या नोत्र-दामसारख्या वास्तूंचा बिंदूबिंदूंचा घन आराखडा तयार केला, आणि त्यांतच प्रत्येक छायाचित्रकार कोठें उभा होता तेंहि दाखविलें. १८५८ सालीं एका चर्चसाठीं एका मनुष्यानें जीव धोक्यांत घातला होता. २००९ सालीं रोम शहराचीं दीड लाख छायाचित्रें एकत्र जुळविण्यास संगणकांच्या एका ताफ्यास एक दिवसहि पुरा लागला नाहीं. स्नेलच्या काळीं खुणा आधीं मोजाव्या लागत व मग ठिकाण काढावें लागे; आतां खुणा आणि ठिकाणें हीं एकाच गणितांतून, एकमेकांच्या आधारानें निघूं लागलीं.

येथपर्यंतचीं उदाहरणें बहुतेक उघड्यावरच्या वास्तूंचीं होतीं. घराच्या आंत येतांच प्रश्न कठीण होतो, आणि त्याचीं कारणें मनोरंजक आहेत. पहिलें कारण रिक्तता. नुकती रंगविलेली पांढरी भिंत यंत्रास मुकी असते. तिच्यावर एकहि 'शब्द' नसतो. दुसरें कारण पुनरुक्ति. कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर तोच व्हरांडा, तेंच दार, तीच खिडकी असते. कार्ल्याच्या चैत्यगृहांत दोन्ही रांगांतील खांबांच्या माथ्यावर माणसांचीं व जनावरांचीं युग्में कोरलेलीं असल्यामुळें एक खांब दुसऱ्यापासून ओळखतां येतो. परंतु स्तूपामागील सात खांब साधे अठपैलू आहेत, आणि त्यांपैकीं आपण कोणत्यापाशीं उभे आहों हें जसें डोळ्यांस चटकन सांगतां येत नाहीं, तसेंच कॅमेऱ्यासहि येत नाहीं. आजच्या बहुतेक इमारती या सात खांबांसारख्या असतात. तिसरें कारण अस्थिरता. डोंगर जागचा हलत नाहीं. खुर्ची रोज हलते, पडदा बदलतो, दिवाळींत भिंतीचा रंगहि बदलतो. आंतील खुणा अल्पायुषी असतात, म्हणून त्यांचा नकाशा दुधाप्रमाणें नासतो.

या अडचणींशीं झालेली झुंज गेल्या कांहीं वर्षांतील आहे. २०१५ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील तिघा संशोधकांनीं त्रिकोणाचें गणित बाजूस ठेवून, मोबाईलनें घेतलेलीं चित्रें व तीं जेथून घेतलीं तीं ठिकाणें यांच्या जोड्या यंत्रास दाखवून त्यास 'शिकविलें'. पुढें नवें चित्र दाखवितांच तें यंत्र कांहीं हजारांश सेकंदांत उत्तर देई, आणि तें घराच्या आंत सुमारें अर्ध्या मीटरापर्यंत बरोबर येई. जुन्या भूमितीचे दिवस भरले, असें पुष्कळांस वाटलें. परंतु २०१९ सालीं इतर संशोधकांनीं बारकाईनें तपासून दाखविलें कीं, अशीं शिकलेलीं यंत्रें खरोखर जागा मोजीत नाहींत. पूर्वीं पाहिलेल्या चित्रांपैकीं सर्वांत सारखें कोणतें तें आठवून त्याच्या आसपासचें उत्तर तीं देतात. घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्यास उदाहरणांतील आंकडे बदलून घातले म्हणजे जें होतें, तेंच त्यांचेंहि होई. २०१८ सालीं दुसऱ्या एका गटानें सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या इमारती लेसर किरणांनीं आधीं मोजून ठेवल्या होत्या त्यांचा उपयोग केला. त्याच इमारतींत निराळ्या वेळीं मोबाईलनें काढलेल्या चित्रांसाठीं प्रथम सारखीं चित्रें शोधावीं, मग बारीक जुळणी करून भूमितीनें जागा काढावी, आणि शेवटीं त्या जागेवरून दृश्य कसें दिसलें असतें तें काल्पनिक चित्र रंगवून मूळ चित्राशीं ताडून पाहावें, असा तिहेरी क्रम त्यांनीं ठेवला. शिकलेल्या यंत्रानें ओळख पटवावी व त्रिकोणानें निवाडा द्यावा, अशी ही वांटणी आहे. लायडनचा गणिती अद्याप निवृत्त झालेला नाहीं.

बाजारानेंहि ही विद्या लौकरच उचलली. गूगल कंपनीनें २०१४ सालीं 'टँगो' या नांवानें खोलीचें माप घेणारा मोबाईल लोकांपुढें आणला. त्यासाठीं विशेष कॅमेरे लागत, व २०१८ सालीं तो उद्योग बंद झाला. परंतु तोंपर्यंत साध्या मोबाईलचा कॅमेरा आणि त्यांतील हालचाल टिपणारे सूक्ष्म भाग यांच्या मदतीनें तेंच काम बरेंचसें होऊं लागलें होतें. २०१९ सालीं त्याच कंपनीच्या नकाशांत रस्त्यावरील दृश्यावर बाण काढून वाट दाखविण्याची सोय आली; २०२१ सालीं अमेरिकेंतील कांहीं शहरांच्या मोठ्या दुकानसंकुलांत ती छपराखालीं नेण्यांत आली, आणि झुरिच व टोकियो येथील विमानतळ व स्थानकें यांसाठीं तिची घोषणा झाली. या सोयीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. ज्यास दिसत नाहीं, ज्यास तेथील लिपि वाचतां येत नाहीं, जो आजारी माणसास घेऊन अनोळखी व्हरांड्यांतून धांवत आहे, त्यास 'डावीकडे वळा' हे दोन शब्द किती मोठा आधार देतात हें सांगावयास नको.

परंतु येथेंच आम्हीं आरंभीं सांगितलेली जुनी अट पुढें येऊन उभी राहते. खुणा आधीं कोणी तरी मोजून ठेवलेल्या असाव्या लागतात. बाहेरच्या खुणा म्हणजे तारे, शिखरें, मनोरे; त्यांकडे पाहिल्यानें कोणाचेंच कांहीं जात नाहीं. आंतील खुणा म्हणजे काय? भिंतीवरची तसबीर, देवघराचा कोनाडा, औषधाच्या बाटल्यांची फळी, मुलाच्या टेबलावरचीं पुस्तकें. यंत्रास जागा सांगतां यावी म्हणून या सर्वांचें वर्णन कोठें तरी साठवून ठेवावें लागतें. आणि मोबाईलची कुवत मर्यादित असल्यानें तें पुष्कळदां दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर राहतें, व तुमचें नवें चित्रहि ताडून पाहण्यासाठीं तेथेंच जातें. म्हणजे डोळा माझ्या हातीं राहिला खरा. पण स्मृति दुसऱ्याच्या घरीं राहिली. केंब्रिजच्या बिल्ल्याच्या वेळीं ज्ञानाचा जो ओघ उलट वाहत होता, तो कॅमेऱ्याच्या मार्गांतहि जमिनीखालून तसाच वाहूं शकतो.

यावर कांहीं काळ असें समाधान देण्यांत येई कीं, साठविलें जातें तें चित्र नव्हेच. तो नुसता विरळ बिंदूंचा पुंजका व आंकड्यांची रास आहे, त्यांतून कोणास काय दिसणार? २०१९ सालीं पिट्टालुगा व त्याचे सहकारी यांनीं हें समाधान मोडून काढलें. त्या बिंदूंवरून व आंकड्यांवरून मूळ दृश्याचें ओळखूं येण्याजोगें चित्र यंत्रास पुन्हां रंगवितां येतें, हें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. मायडेनबाउअरच्या तबकड्यांचा धडा असा उलटून आला: प्रतिमेवरून पडलेली वास्तु जशी उभारतां येते, तशीच झांकलेली खोलीहि उघडतां येते. त्याच वर्षीं दुसऱ्या एका गटानें उपाय सुचविला. प्रत्येक बिंदु लपवून त्याच्या जागीं त्या बिंदूंतून जाणारी, वाटेल त्या दिशेची एक रेषा ठेवावी. रेषांच्या जंजाळावरूनहि आपली जागा काढतां येते, पण बिंदु रेषेवर नेमका कोठें होता हें परक्यास कळत नाहीं. उपाय मोठा सुंदर होता. तथापि २०२१ सालीं आणखी एका गटानें शेजारच्या रेषा एकमेकींच्या किती जवळून जातात यावरून पुष्कळसे बिंदु पुन्हां शोधून काढतां येतात असें दाखविलें. कुलूप करणारा व कुलूप उघडणारा यांची ही शर्यत संपलेली नाहीं, आणि ती केवळ गणितानें संपेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मोजणीची विद्या पूर्वीं तरी कोठें निष्पाप होती? ही शंका रास्त आहे. कंपनी सरकारनें हिंदुस्थानावर त्रिकोण टाकले ते वाटसरूंच्या सोईसाठीं नव्हेत. मुलुखाचा कारभार व लष्कराच्या हालचाली यांसाठीं त्यास नकाशे हवे होते. ज्याच्या हातीं नकाशा त्याच्या हातीं मुलूख, हें आमच्या पूर्वजांनीं अनुभवानें जाणलें. स्वतंत्र भारतांतहि नकाशांवरील पुष्कळसे निर्बंध सैल होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. परंतु त्या मोजणीस एक नैसर्गिक सीमा होती. सर्वेक्षकाची दुर्बीण गांवाच्या शिवेपर्यंत येई, गल्लीपर्यंत येई, फार तर वाड्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत येई. उंबरठ्याच्या आंत ती येत नसे. आज प्रथमच नकाशा उंबरठा ओलांडीत आहे, आणि ज्याचें घर त्यानेंच, आपल्याच कॅमेऱ्यानें, त्यास आंत घेतलें आहे.

यावरून या विद्येकडे पाठ फिरवावी असें आमचें म्हणणें नाहीं. विवेक करावा, एवढेंच म्हणणें आहे. आणि तो करण्याचा मार्ग या विद्येच्या पोटांतच आहे. अमेरिकेंतील ओलिन कॉलेजांत अंधांसाठीं 'क्लू' नांवाचें मोबाईलवरील एक साधन तयार झालें. तें कोणताहि आधीं केलेला नकाशा मागत नाहीं. जातांना मनुष्य ज्या वाटेनें गेला ती वाट तें कॅमेऱ्याच्या साह्यानें लक्षांत ठेवतें, आणि परततांना त्याच वाटेनें त्यास पाऊलपाऊल मागें आणतें. येथें डोळाहि त्याचा व स्मृतिहि त्याचीच. सर्वच कामें एवढ्यावर भागणार नाहींत. रेल्वेचें स्थानक, इस्पितळ, न्यायालय, ग्रंथालय हीं सार्वजनिक स्थळें आहेत. त्यांच्या आंतील खुणा देवळाच्या कळसाप्रमाणें सर्वांच्या मालकीच्या समजल्या जाव्यात, त्यांचा नकाशा सार्वजनिक खर्चानें व्हावा, आणि तो कोणा एका व्यापाऱ्याच्या तिजोरींत न राहतां कोणाच्याहि मोबाईलास उपयोगी पडावा. घराच्या खुणा मात्र घराच्या असाव्यात. त्यांची स्मृति ज्या यंत्रांत निर्माण झाली त्याच यंत्रांत राहावी, व मालकानें पुसून टाक म्हणतांच पुसली जावी. स्थळास्थळांतील हा भेद यंत्रास समजणार नाहीं. तो कायद्यानें व लोकमतानें त्यास शिकवावा लागेल.

आपलें ठिकाण दुसऱ्या कशाकडे तरी पाहूनच कळतें, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. ज्या वस्तूंकडे पाहून मनुष्य आपला ठाव घेतो, त्यांवर त्याची श्रद्धा बसते. म्हणून तर खलाशांनीं ध्रुवास अढळ म्हटलें. उद्यांच्या इमारतींत आमचा ध्रुव एखाद्या कंपनीच्या संगणकांत साठविलेला बिंदूंचा पुंजका असणार आहे. तो अढळ राहील कीं मालकाच्या सोयीप्रमाणें ढळेल, आणि तो आम्हांस वाट दाखवील कीं आमच्यावर नजर ठेवील, हें ठरविण्याचें काम गणित्यांनीं आमच्यासाठीं शिल्लक ठेवलें आहे. आणि तें करावयाचें तर नकाशे पुरे होण्यापूर्वींच केलें पाहिजे.